चढावरचे रीडिंग

किल्ली हातात ठेवण्यापूर्वी जावयाने गाडीची ओळख करून द्यायला पाऊण तास घेतला. लग्न ठरले तेव्हा स्वतःच्या आईवडिलांची ओळख त्याने याच्या निम्म्या वेळात उरकली होती. सासरे हात मागे बांधून गाडीभोवती फिरत होते, लेक दारात उभी राहून घड्याळ बघत होती, आणि सासूबाई मनातल्या मनात एकच हिशेब करत होत्या. या गाडीतून ताईकडे जायला किती मिनिटे लागतील?

ताई म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीवरच्या वसाहतीत राहायची. खुब्याचे हाड मोडल्यापासून तिची धाव खाटेवरून खुर्चीपर्यंत आणि खुर्चीवरून खिडकीपर्यंत. तिच्याकडे जायचे म्हणजे दोन बस बदलायच्या आणि शेवटचा लांबलचक चढ पायी चढायचा. धाकटीच्या गुडघ्यांनी त्या चढाला नकार दिला तेव्हापासून बहिणींची भेट दीड-दोन महिन्यांवर गेली होती. फोन रोज व्हायचा, पण फोनवर ताईच्या केसांना तेल लावता येत नाही, हे सासूबाईंचे दुखणे होते.

लेकीला ते ठाऊक होते. ती आणि जावई दहा दिवसांसाठी परगावी निघाले होते. निघण्याआधी तिने आईला बाजूला घेऊन सांगितले, "आम्ही नवी गाडी घेतोय. ही तुम्हालाच द्यायची माझ्या मनात आहे. पण हा म्हणतो, आधी दहा दिवस बघू, बाबांना झेपते का. तेवढे दहा दिवस नीट काढा गं, आई."

बाबा म्हणजे निवृत्त बॉयलर अटेंडंट. साबणाच्या कारखान्यात चौतीस वर्षे त्यांनी बॉयलर सांभाळला होता. दर तासाला गेजवरचा दाब बघायचा आणि रजिस्टरात लिहायचा. चौतीस वर्षांत एक नोंद चुकली नाही, एक खाडाखोड नाही. कारखान्यात सगळे त्यांना गेजमास्तर म्हणायचे, आणि निवृत्तीनंतर ते नाव त्यांच्या मागोमाग घरी आले; सासूबाई मात्र सगळ्यांच्या नुसत्या काकूच राहिल्या. घरात आता दाब मोजण्यासारखा फक्त कुकर होता, आणि त्याला गेज नव्हते. त्यामुळे गेजमास्तर जरा उदास असायचे.

"आता हे महत्त्वाचं, बाबा." जावयाने स्टिअरिंगशेजारच्या एका गोल तबकडीवर बोट टेकवले. "बूस्ट गेज. मी मुद्दाम बसवून घेतलंय. साध्या गाडीचं इंजिन हवा आपली आपण ओढून घेतं. हिच्यात टर्बो ती दाबून भरतो. किती दाबतोय, ते इथं कळतं. सगळा खेळ प्रेशरचा."

गेजमास्तरांनी खिशातून चष्मा काढला. तबकडीवर मधोमध शून्य, वर दहा-बारा बारीक रेघा, खालीही तितक्याच. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला.

"मर्यादा किती?"

"मर्यादा म्हणजे... काटा हलत राहिला की झालं."

"सेफ्टी व्हॉल्व?"

"असेल ना. कंपनीनं बसवलाच असेल."

"दाब साठतो कुठे?"

जावयाने बॉनेट उघडून एका जाड रबरी नळीकडे हात केला. "हिच्यातून जातो. टर्बोकडून इंजिनाकडे."

'असेल ना' हे शब्द गेजमास्तरांच्या कानाला फार लागले. सेफ्टी व्हॉल्व असेल ना, असे म्हणणाऱ्या माणसाला त्यांनी बॉयलर हाउसच्या उंबऱ्यावरूनच परत पाठवला असता. पण पडला जावई. ते नुसतेच "बरं" म्हणाले आणि लेक-जावई दिसेनासे होताच कपाटातून कोरे रजिस्टर काढून रकाने आखायला बसले. तारीख, वेळ, जागा, काटा, तेल आणि शेरा.

पहिल्याच सिग्नलला त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. गाडी थांबली, इंजिन नुसते गुरगुरत राहिले आणि काटा शून्याच्या खाली सहा रेघा जाऊन बसला.

"अगं, शून्याखाली गेला!"

"कोण?" काकूंनी दचकून रस्त्यावर पाहिले.

"काटा! चौतीस वर्षांत माझा काटा शून्याखाली गेला नाही."

"मागचा हॉर्न वाजवतोय. आधी पुढं चला, मग काटा बघा."

पुढे गेल्यावर काटा वर आला, पुढच्या सिग्नलला पुन्हा बुडाला. असे पाच सिग्नल गेजमास्तरांनी मान खाली घालून काढले. पण टेकडीचा चढ लागला, तिसरा गिअर टाकून त्यांनी पेडल दाबले, आणि काटा सरसर वर चढत थेट दहाव्या रेघेवर जाऊन ठाम उभा राहिला. गेजमास्तरांना भरून आले. असा काटा त्यांनी निवृत्तीच्या दिवसानंतर पाहिला नव्हता.

"सापडली जागा," ते म्हणाले. "रीडिंग घ्यायचं तर रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी, एकाच भाराखाली. हा चढ, तिसरा गिअर, चार वाजता."

"रोज?" काकूंचा आवाज जरा पातळ झाला.

"रोज. आणि तू लागशील. भार बदलून चालायचं नाही."

काकूंनी खिडकीबाहेर तोंड फिरवले, कारण हसू आवरत नव्हते. लग्नाला सदतीस वर्षे झाली होती आणि 'तू लागशील' हे त्या प्रथमच ऐकत होत्या, मग ते वजन म्हणून का असेना.

चढ संपला की ताईचे घर. तिथे पोचल्यावर गेजमास्तर गाडीतच बसून नोंद करायचे आणि काकू तासभर बहिणीपाशी बसायच्या. केस विंचरून व्हायचे, चहा व्हायचा, खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक माणसाची विचारपूस व्हायची. तिसऱ्या दिवशी ताईने बहिणीचा हात धरून हळूच विचारले, "खरं सांग. तुझ्या नवऱ्याला काही झालंय का? डॉक्टरांनी काही सांगितलंय का? आजवर तीनदा आला होता माझ्याकडे. आता तीन दिवसांत तीनदा?"

"रीडिंग घेतात, ताई."

"कसलं?"

"ते मला नको विचारूस. मी भार आहे."

आता संध्याकाळची गोष्ट. बॉयलरच्या धंद्यात एक नियम असतो. दाबाचे भांडे राखणीला माणूस नसताना भरलेले सोडायचे नाही, आणि गेज शून्य दाखवत असले तरी त्यावर विसंबायचे नाही. काटा अडकलेला असू शकतो. म्हणून कॉक, म्हणजे दाब सोडायची तोटी, उघडून, उरलासुरला दाब सोडून, मगच घरी जायचे. या नियमामुळे गेजमास्तरांच्या कारखान्यात कधी कुणाचे बोटही भाजले नव्हते. गाडीला कॉक नव्हता. पण जाड रबरी नळी होती आणि तिच्या टोकाला लोखंडी क्लिप होती. रोज सहा वाजता गाडी दाराशी लागली की गेजमास्तर दोन मिनिटे इंजिन निवू द्यायचे, बॉनेट उघडायचे, स्क्रूड्रायव्हरने क्लिप ढिली करायचे आणि नळीचे तोंड थोडे सोडवायचे. आतून काहीच फुस्स व्हायचे नाही. म्हणजे दाब सुटला, असे समजून ते नळी परत बसवायचे, क्लिप बेताने आवळायचे, कारण गरम रबराला फार आवळले की ते चिरते. मग रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहायचे: 'सायं. ६. इंजिन बंद. काटा शून्य. दाब सोडला.'

तिसऱ्या दिवशी चढावर काटा नवव्या रेघेवर थांबला. चौथ्या दिवशी आठव्या. पाचव्या दिवशी सकाळी गाडीखाली तेलाचे दोन काळे ठिपके पडलेले दिसले. गेजमास्तरांनी लगेच खाली पांढरा पुठ्ठा सरकवला, त्यावर पेन्सिलीने चाकांच्या जागा आखल्या आणि तेलाच्या रकान्यात नोंद केली. इंजिनाची तेलाची पट्टी ओढून बघितली तर तेल जिथल्या तिथे. एका बाजूने तेल गळतेय आणि दुसऱ्या बाजूने ते कमी होत नाही, हे कोडे त्यांना सुटेना.

"दोन रोग आहेत," जेवताना ते म्हणाले. "एक दाबाचा, एक तेलाचा."

"गॅरेजला दाखवू या."

"दहा दिवसांत गाडी गॅरेजला नेली असं लिहायचं मी रजिस्टरात? जावई काय म्हणतील?"

जावई काय म्हणेल, याची काकूंनाही धास्ती होती, पण वेगळ्या कारणाने. गेल्या पाच दिवसांत ताईच्या गालांवर जरा टवटवी आली होती. काल ती खिडकीपर्यंत काठीशिवाय चालली होती. गाडी परत गेली तर पुन्हा दोन बस, पुन्हा तो चढ, पुन्हा फोन.

सातव्या दिवशी चढावर गाडीने मान टाकली. पेडल तळाला टेकले, काटा चौथ्या रेघेवर अडला आणि पुढून आवाज येऊ लागला, "श्श्श्श." मागून काळा धूर. बाबागाडी ढकलत चाललेली एक बाई त्यांना मागे टाकून पुढे गेली आणि जाताना काकूंकडे फार कणवेने बघून गेली. गेजमास्तरांनी मात्र कान टवकारले होते. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. वाफ कुठे फटीतून निघाली की असाच आवाज येतो, आणि झोपेतही त्यांना तो कळला असता.

"गळती आहे," ते म्हणाले. "कुठंतरी दाब निसटतोय."

"आता तरी गॅरेजला चला हो."

"चल."

टेकडीच्या पायथ्याशी एक गॅरेज होते. ते चालवणारी बाई पन्नाशीची, हाताला ग्रीस आणि चष्मा डोक्यावर. तिने दोघांना स्टुलावर बसवले, बॉनेट उघडले आणि विचारले, "काय होतंय, काका?"

गेजमास्तरांनी उत्तर न देता रजिस्टर पुढे केले. सोबत पुठ्ठाही दिला.

बाईने चष्मा डोक्यावरून नाकावर आणला. पहिले पान वाचले, दुसरे वाचले, मग एक स्टूल ओढून घेऊन स्वतःही बसली. "वीस वर्षं गॅरेज चालवतेय," ती म्हणाली, "लोक येतात आणि म्हणतात, गाडी कसंतरीच करते. एवढंच. तुम्ही तर सगळं मांडूनच आणलंय."

गेजमास्तरांनी पाठ सरळ केली.

"हे शून्याखाली सहा रेघा, सिग्नलला. हे बरोबर आहे बरं का. पेडल सोडलं की हवेची वाट बंद होते आणि इंजिन मात्र आतून ओढतच राहतं. म्हणून तिथं काटा खाली जाणारच. तो रोज सहावरच आहे म्हणजे इंजिन ठणठणीत आहे."

"अस्सं!" गेजमास्तरांच्या छातीवरचा सात दिवसांचा धोंडा उतरला. "आणि चढावर उतरत गेलाय, तो?"

बाईने साबणाच्या पाण्याची बाटली आणली. गेजमास्तरांना पेडल दाबायला सांगून तिने रबरी नळ्यांवर ते पाणी मारले. एका टोकाला बुडबुड्यांचा ढीग उठला. त्याच टोकाखाली नळी तेलाने माखली होती.

"हे बघा. दोन रोग नाहीत, एकच आहे. टर्बोच्या हवेबरोबर तेलाचा किंचित अंश नळीत येतोच, सगळ्याच गाड्यांत येतो. सांधा घट्ट असला की तो आतल्या आत राहतो. सांधा ढिला झाला की हवा निसटते, म्हणून काटा उतरतो, आणि हवेबरोबर तेल बाहेर येतं, म्हणून ठिपके. इंजिनाचं तेल कमी होत नाही, कारण जातंय ते थेंबभर." तिने क्लिपला बोट लावले. "पण ही क्लिप अशी आपोआप ढिली होत नाही. कुणी हात लावला होता का हिला?"

"छे! माझ्याशिवाय या गाडीला कुणी शिवलेलं नाही."

बाई रजिस्टराकडे वळली. तिचे बोट शेऱ्याच्या रकान्यावरून खाली उतरत गेले. "काका, हे 'दाब सोडला' म्हणजे काय?"

गेजमास्तरांनी नियम सांगितला. राखण नसलेले भांडे, अडकलेला काटा, कॉक, सगळे सविस्तर सांगितले. क्लिप कशी बेताने आवळायची, हेही हाताने करून दाखवले. सांगता सांगता त्यांचा आवाज मंद होत गेला, आणि हात हवेतच थांबला.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले. त्यांना राग आला होता आणि कीवही आली होती. शेवटी कीव वरचढ ठरली आणि त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"इंजिन बंद झालं की नळीत दाब राहतच नाही, काका," बाई हळू म्हणाली. "काटा खरं सांगत होता. तुम्ही स्वतः रोज लिहिलंय, शून्य." आणि तिने स्क्रूड्रायव्हरने क्लिप कचकचून आवळली. "झालं. एवढंच काम होतं."

त्या दिवशी गाडी दुसऱ्यांदा चढ चढली. काटा दहाव्या रेघेवर उभा राहिला. गेजमास्तरांनी खाली मान घालून नोंद केली.

उरलेले तीन दिवस काटा दहावर, पुठ्ठा कोरा. पण दहाव्या दिवशी जावई येणार, आणि रजिस्टर टेबलावर होते.

"पान फाडा असं मी म्हणत नाही," काकू म्हणाल्या. "पण शाई सांडू शकते. माणसाच्या हातून होतं कधी."

"माझ्या हातून नाही होत."

"ताईसाठीसुद्धा नाही?"

गेजमास्तरांनी रजिस्टराच्या कव्हरवरून हात फिरवला. "खोटं रीडिंग लिहून बॉयलर चालत नाही गं," एवढेच म्हणाले. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि विनाकारण भांडी वाजवू लागल्या.

जावई आला. चहाचा कप बाजूला ठेवून त्याने रजिस्टर उघडले. लेक आत आईपाशी होती. पहिल्या पानावर तो थबकला. "बाबा, हे शून्याखाली सहा रेघा... रोज?"

"रोज. ते बरोबर असतं." गेजमास्तरांनी गॅरेजवाल्या बाईचे बोलणे जसेच्या तसे सांगितले.

जावयाने आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि खुर्ची पुढे ओढली. "दोन वर्षं मला वाटत होतं, गेज बिघडलंय. सिग्नलला मी तिकडं बघतच नाही. एवढं हौसेनं बसवलेलं, आता हिला कसं सांगणार?"

"नाही सांगितलं तरी चालेल," गेजमास्तर म्हणाले.

जावई पुढे वाचत गेला. दहा, दहा, नऊ, आठ. सातव्या दिवसाच्या चारवर त्याचे बोट थांबले आणि मागच्या शेऱ्यांकडे वळले. "आणि हे 'दाब सोडला'?"

गेजमास्तरांनी घसा खाकरला आणि एक शब्दही न गाळता सगळे सांगून टाकले. आतल्या भांड्यांचा आवाज बंद झाला होता. जावई हसेल अशी त्यांची तयारी होती, पण तो हसला नाही. सेफ्टी व्हॉल्वच्या प्रश्नाला आपण काय उत्तर दिले होते, ते बहुधा त्याला आठवले असावे.

"गाडी इथंच राहू दे, बाबा," तो म्हणाला. "माझ्याकडं काय होतं, हे मला आज वाचून कळलं. फक्त तेवढा दाब नका सोडू."

आत काहीतरी खाली पडून घरंगळत गेले. ते भांडे होते, आणि काकूंनी ते मुद्दाम पाडले नव्हते.

पुढचा आठवडा सुखाचा गेला. रोज चार वाजता चढ, रोज दहावी रेघ, रोज ताई. आठव्या दिवशी सकाळी गेजमास्तरांनी पानभर एकसारखे दहा बघितले, समाधानाने पेनाला टोपण लावले आणि जाहीर केले, "यंत्र स्थिर झालं. आता रोज रीडिंगची गरज नाही. महिन्यातून एकदा पुरे."

"बरं," काकू म्हणाल्या आणि भाजी चिरत राहिल्या.

ती संध्याकाळ घरीच गेली, दुसरीही. तिसऱ्या दिवशी सकाळी गेजमास्तर सवयीने पुठ्ठा बघायला गेले आणि जागीच खिळले. पुठ्ठ्यावर तेलाचा ताजा ठिपका होता. बॉनेट उघडले तर क्लिप चांगली दोन वेढे ढिली. ते तसेच अवजारांच्या पेटीकडे गेले. तिथे प्रत्येक अवजाराची जागा ठरलेली होती, आणि स्क्रूड्रायव्हरची जागा रिकामी होती.

"काय शोधताय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"स्क्रूड्रायव्हर."

"तो होय. चमच्यांच्या खणात आलाय वाटतं चुकून. हा घ्या."

स्क्रूड्रायव्हर स्वच्छ घासलेला होता. तो देणाऱ्या हाताचा अंगठा मात्र नखापाशी काळा होता. गेजमास्तरांनी अंगठ्याकडे पाहिले, काकूंनी खिडकीकडे पाहिले.

ते बाहेर गेले, क्लिप कचकचून आवळली आणि येऊन रजिस्टर उघडले. 'क्लिप ढिली आढळली,' त्यांनी लिहिले. 'कारण:' आणि पेन थांबले. त्यांच्या रजिस्टरात खोटी नोंद कधी झाली नव्हती. थोडा विचार करून त्यांनी पुढे लिहिले: 'समजले. उपाय: चढावरचे रीडिंग पूर्ववत रोज, दु. ४.'

"अगं," त्यांनी हाक मारली, "आज चारला निघायचंय. भार लागेल."

उत्तर आले नाही. ते बघायला उठले. घड्याळात सकाळचे नऊ वाजले होते आणि काकू चपला घालून, मांडीवर पिशवी घेऊन दारातल्या खुर्चीत बसल्या होत्या.